हातावर हात मारून घेतलेला पॉवर टिलर: तोंडी सौदा कुठवर टिकतो?

मे महिना सरत आला की कोकणात जुन्या पॉवर टिलरचे सौदे सुरू होतात. कुणाच्या तरी पडवीत चहा होतो, किंमत वरखाली होते, शेवटी "ठरलं म्हणजे ठरलं" म्हणत हातावर हात मारला जातो आणि पाच-दहा हजारांचा विसार दिला जातो. कागद कुणी मागत नाही, कारण मागितला तर समोरच्याला तो अविश्वास वाटतो. मग मृग लागतो, यंत्र चिखलात उतरतं आणि प्रश्न निघतात. लोखंडी चाकं द्यायची ठरली होती ना? विसार परत मिळेल का? मुळात असा सौदा कायद्यात धरतात का?

धरतात. मात्र तो "कुठवर" धरला जातो हे यंत्र कोणतं, विकणारा कोण आणि तुम्ही त्या दिवशी काय काय बोलून घेतलं यावर अवलंबून असतं. पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्यांसाठी ही सगळी वाट क्रमाने मांडली आहे.

१. तोंडी सौदा हाही करारच

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १० नुसार करार व्हायला चार गोष्टी पुरतात: दोघं सज्ञान आणि शुद्धीत असावेत, संमती राजीखुशीची असावी, देण्याघेण्याला मोबदला असावा आणि व्यवहार बेकायदा नसावा. कागद या यादीत नाही. यंत्र ही जंगम वस्तू असल्यामुळे तिला मालविक्री कायदा १९३० लागतो, आणि त्याचं कलम ५ स्पष्टच सांगतं की विक्रीचा करार लेखी असू शकतो, तोंडी असू शकतो, थोडा लेखी थोडा तोंडी असू शकतो, किंवा दोघांच्या वागण्यावरूनही तो झाला असं धरता येतं.

गोंधळ होतो तो जमिनीच्या सवयीने. सातबारा, खरेदीखत, दुय्यम निबंधक हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की "नोंदणी नाही म्हणजे काहीच नाही" असं वाटतं. जमिनीला ते लागू आहे. टिलरला, ग्रासकटरला, मळणी यंत्राला नाही.

पण सौदा पक्का व्हायला दोन गोष्टी नेमक्या ठरलेल्या असाव्या लागतात: कोणतं यंत्र आणि किती किमतीला. "घेऊन जा, मग बघू पैशांचं" किंवा "गणपतीला मुंबईहून भाऊ आला की ठरवू" ही बोलणी आहेत, सौदा नाही. नारळ ठेवून दिलेला शब्द गावात फार मोलाचा असतो. कोर्ट मात्र विचारतं की तो शब्द नेमका काय होता आणि ऐकला कुणी.

२. यंत्र कोणत्या गटातलं ते आधी ओळखा

पुढचं सगळं यावर ठरतं.

नंबरचं यंत्र: ट्रॅक्टर. मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी, आरसी बुक, विमा. ट्रॉलीचं पुस्तक वेगळं असतं, हे बरेच जण विसरतात आणि ट्रॅक्टर नावावर होऊन ट्रॉली जुन्या मालकाच्याच नावावर राहते.

बिननंबरी यंत्र: आपल्याकडचे बहुतेक पॉवर टिलर, पॉवर वीडर, ग्रासकटर, आंब्याच्या फवारणीचे एचटीपी पंप, रीपर, मळणी यंत्र. इथे मूळ खरेदीचं बिल हाच मालकीचा सर्वांत जवळचा पुरावा. टिलरला नंबर असेल तर त्याला ट्रॅक्टरसारखंच वागवा.

अनुदानाचं यंत्र: वरच्या दोन्हींपैकी कोणतंही असू शकतं, पण महाडीबीटी या राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवरून अनुदान घेतलेलं असेल तर पहिल्या मालकाने ठरावीक काळ ते न विकण्याचं हमीपत्र दिलेलं असतं. असं यंत्र मुदतीआधी घेतलंत तर तुमचा सौदा त्याच्या हमीपत्राच्या आड येतो. मूळ बिलाची तारीख पाहा आणि अनुदान होतं का हे थेट विचारा.

३. विकणारा खरोखर मालक आहे का?

कोकणात सगळ्यात जास्त घसरण इथेच होते, म्हणून या पायरीला वेळ द्या.

नेहमीचं चित्र असं: टिलर मुंबईच्या भावाच्या पैशाने आला, बिल त्याच्या नावावर, वापरतो गावातला भाऊ. सौदा गावातल्या भावाशी होतो. मालविक्री कायद्याच्या कलम २७ चा साधा अर्थ असा की स्वतःकडे नाही ती मालकी विकणारा तुम्हाला देऊ शकत नाही. चाकरमानी भाऊ गणपतीला आला आणि "मी विकायला सांगितलं नव्हतं" म्हणाला, तर तुमचे पैसे एकाकडे आणि यंत्रावर हक्क दुसऱ्याचा. यंत्र दोघांच्या सामाईक मालकीचं असेल आणि इतरांच्या संमतीने ते एकट्याच्याच ताब्यात असेल, तर कलम २८ प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण देतं. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा बिलावरच्या माणसाला फोन लावून "विकायला हरकत नाही" एवढा मेसेज त्याच्याच नंबरवरून मागवून घेणं सोपं.

बचत गटाचं किंवा शेतकरी गटाचं यंत्र असेल तर अध्यक्षांचा शब्द पुरत नाही. गटाच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागा.

कर्जाचं कसं ओळखायचं? ट्रॅक्टरच्या आरसीवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो आणि परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवरही तो दिसतो. बिननंबरी टिलरला आरसीच नाही, म्हणून दोन ठिकाणी पाहा. एक, मूळ बिल: कर्जावर घेतलेल्या यंत्राच्या बिलावर बहुधा बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव लिहिलेलं असतं. दोन, विकणाऱ्याचा सातबारा: "इतर हक्क" या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का. बोजा दिसला तर तो या यंत्राचाच असेल असं नाही, तसाच बोजा नाही म्हणून कर्ज नाही असंही नाही, कारण लहान कर्जं जमीन तारण न घेताही दिली जातात. शंका आली की बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा दाखला) मागा. तो मिळेपर्यंत विसारापलीकडे पैसे देऊ नका.

मूळ बिल हरवलंय म्हणतात? डीलरकडे जुन्या बिलाची प्रत निघू शकते. तीही निघत नसेल तर यंत्र सोडून द्यावं असं नाही, पण विकणाऱ्याकडून "यंत्र माझ्या मालकीचं आहे, कुणाचा हक्क निघाल्यास मी पैसे परत देईन" हे लेखी घेतल्याशिवाय हात मारू नका.

४. चालवून बघा, आणि काय बघितलं ते ठरवून ठेवा

खासगी माणसाकडून जुनं यंत्र घेताना कायद्याचं सर्वसाधारण धोरण "घेणाऱ्याने बघून घ्यावं" असं आहे. म्हणजे जे विचारलं नाही, तपासलं नाही, त्याची जबाबदारी सहसा तुमची. त्यामुळे तपासणीला फिटर सोबत न्या. तो यंत्रही बघेल आणि उद्या साक्षीदार म्हणूनही उभा राहील.

सकाळी जा आणि सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर ते तुमच्या आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन सहज सुरू होत नसावं. ऑइलची काडी काढा: ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचा खर्च. काळा धूर नोझल किंवा एअर फिल्टरचा असू शकतो, तो खर्च त्या मानाने कमी. पांढरा धूर पहिल्या मिनिटभराने थांबला नाही तर फिटरला विचारा.

मग दोन्ही बाजूंचे स्टिअरिंग क्लच एकेक दाबून वळवून बघा. इंजिन बंद करून रोटरीचा शाफ्ट हाताने हलवा: खेळ लागला तर बेअरिंग संपलंय, आणि ऑइल सीलमधून चिखल आत गेल्याची ती खूण. खाजणात, खारभूमीत वापरलेल्या यंत्राचे नटबोल्ट, मडगार्डची आतली बाजू आणि रोटरीचं कव्हर बघा. वरून नवा रंग मारलेला असेल तर आतून बघाच, खारं पाणी आतूनच खातं. इंजिन आणि चासीचे नंबर बिलाशी जुळतात का ते पाहा. नंबरप्लेटचे रिव्हेट ताजे दिसले किंवा नंबराभोवती घासलेलं असेल तर तिथेच थांबा.

खरी अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात खाचरात पाणी नसतं. टिलर रस्त्यावर, कोरड्या अंगणात छान चालतो आणि पहिल्या चिखलणीला गियर सोडतो. त्यामुळे पावसाआधी सौदा करत असाल तर एक अट तोंडी तरी नक्की घालून घ्या, लेखी असेल तर उत्तम: "पहिली चिखलणी सुरू केल्यापासून ७ दिवसांत इंजिन, गियरबॉक्स किंवा रोटरीत दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्याचा, अथवा यंत्र परत." दिवस आणि भाग नेमके बोला. "काही झालं तर बघून घेऊ" ही अट नव्हे.

ग्रासकटर आणि पंपाला इतकं लागत नाही. पाच मिनिटं पूर्ण वेगाने चालवा, पंपाचा दाब धरतो का बघा, बस्स.

५. विसार देताना

विसार आणि आगाऊ रक्कम एकच नाहीत, आणि वाद याच शब्दावर होतो. विसार ही शब्द पाळण्याची हमी: घेणारा फिरला तर विकणारा तो ठेवू शकतो, विकणारा फिरला तर तो परत करावा लागतो आणि वर नुकसानभरपाईही मागता येते. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचा भाग. सौदा मोडला तर ती परत करायची, त्यातून फक्त झालेलं नुकसान वजा करता येतं. म्हणून पैसे देताना शब्द उच्चारा: "हा विसार" किंवा "हे किमतीपैकी". किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त विसार देऊ नये असं आमचं मत आहे. निम्मी रक्कम "विसार" म्हणून दिलीत तर ती जप्त करणं कोर्टात टिकणं कठीण, कारण करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच जाऊ देतं. पण तुम्हाला कोर्टाची पायरी चढूनच ते पैसे परत मिळतील.

यूपीआयने दिलेला विसार सर्वांत बरा. पाठवताना टिपेच्या जागी "टिलर विसार" असं लिहा. नुसती रक्कम गेली तर पुढे "ते उसने घेतले होते" म्हणायला जागा राहते.

रोख देत असाल तर पावती घ्या. ५,००० रुपयांहून जास्त रकमेच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घेतात. मोठं यंत्र असेल तर हेही लक्षात ठेवा की एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे. तुकडे करून दिले तरी व्यवहार एकच धरला जातो, आणि दंड रोख स्वीकारणाऱ्याला, तोही तितक्याच रकमेचा. ट्रॅक्टर विकणाऱ्याला हे सांगितलंत की तो आपणहून बँकेचा खाते क्रमांक देतो.

६. एका पानाचा कागद

वकील लागत नाही. वहीचं पानही चालतं. स्टँप पेपर नसला म्हणून सौदा रद्द होत नाही. ज्यांना स्टँपवरच करायचंय त्यांनी लक्षात ठेवावं की राज्यात पूर्वी शंभराच्या स्टँपवर होणाऱ्या अनेक कागदांना ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा स्टँप लागतो.

मजकूर असा धरा:

"आज दिनांक ____ रोजी विकणार ____, मु. पो. ____, ता. ____, जि. ____ आणि घेणार ____, मु. पो. ____, ता. ____, जि. ____ यांच्यात पुढीलप्रमाणे ठरले. विकणार यांच्या मालकीचा पॉवर टिलर, कंपनी व मॉडेल ____, इंजिन क्र. ____, चासी क्र. ____, सोबत रोटरी, टायरची जोडी, लोखंडी चाकांची जोडी, टूल किट व ____ यांसह एकूण रु. ____ (अक्षरी ____) किमतीस विकण्याचे ठरले. पैकी विसार रु. ____ आज रोख / यूपीआय व्यवहार क्र. ____ ने पोचला. बाकी रु. ____ दिनांक ____ पर्यंत, यंत्राचा ताबा घेताना द्यायची आहे; ही मुदत या कराराचा मुख्य भाग आहे. ताबा देईपर्यंत यंत्राची मालकी व जोखीम विकणार यांच्याकडे राहील. यंत्रावर कोणतेही कर्ज, तारण, अनुदानाची विक्रीबंदी वा इतरांचा हक्क नाही. निघाल्यास विकणार घेतलेली पूर्ण रक्कम परत करतील. पहिली चिखलणी सुरू केल्यापासून ____ दिवसांत इंजिन, गियरबॉक्स वा रोटरीत दोष आढळल्यास ____."

खाली दोघांच्या सह्या, मोबाइल क्रमांक आणि दोन सज्ञान साक्षीदार. साक्षीदार कायद्याने सक्तीचे नाहीत, पण दोघांपैकी कुणाचेही सख्खे नसतील असे घ्या. दोन प्रती करा, एकेक दोघांकडे.

यातल्या तीन ओळी इतरांपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

सोबतच्या सामानाची ओळ. टिलरच्या सौद्यात इंजिनावरून होतात त्यापेक्षा जास्त भांडणं लोखंडी चाकांवरून होतात. लिहिलेलं असेल तर भांडणच नाही.

मुदतीची ओळ. मालविक्री कायद्याच्या कलम ११ प्रमाणे वेगळं ठरलेलं नसेल तर पैसे देण्याची वेळ हा कराराचा मुख्य भाग धरला जात नाही. म्हणजे तुम्ही पाच दिवस उशीर केलात एवढ्यावर विकणारा सौदा मोडू शकत नाही. हे घेणाऱ्याच्या बाजूचं आहे, पण लावणीच्या दिवसांत विकणाऱ्यालाही नेमकी तारीख हवी असते, आणि तुम्हालाही यंत्र त्या तारखेला हवं असतं.

जोखमीची ओळ ही सगळ्यात दुर्लक्षित. कलम २० सांगतं की ठरावीक, नेण्याजोग्या अवस्थेतल्या वस्तूचा बिनशर्त सौदा झाला की मालकी त्याच क्षणी घेणाऱ्याकडे जाते, पैसे आणि ताबा पुढे ढकललेला असला तरीही. आणि कलम २६ प्रमाणे मालकीबरोबर जोखीमही जाते. आता हे कोकणात लावून बघा. २० मेला हात मारला, यंत्र नेणार जूनमध्ये, आणि मधल्या दिवसांत विकणाऱ्याच्या मांगराचं छप्पर वादळात टिलरवर कोसळलं. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं होतं, ऐन याच हंगामात. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये तळमजल्यावरचं सगळं पाण्याखाली गेलं होतं. वेगळं ठरलेलं नसेल तर नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं, यंत्राला तुम्ही हातही लावलेला नसताना. विकणाऱ्याच्या चुकीमुळे ताबा लांबला असेल तर गोष्ट वेगळी. तसंच "नवीन बेल्ट घालून देतो" असं काही काम विकणाऱ्याकडे बाकी असेल तर कलम २१ प्रमाणे ते काम होऊन तुम्हाला कळवलं जाईपर्यंत मालकी सरकत नाही. पण हे सगळे वाद नकोत म्हणून ती एक ओळ.

आणि एक सापळा. कागद केलात तर पूर्ण करा. करार लेखी झाला की त्यात लिहिलेल्या अटीविरुद्ध "तोंडी वेगळं ठरलं होतं" असं सांगून सहसा भागत नाही. किंमत कमी दाखवायची म्हणून कागदावर ६०,००० लिहून हातात ९०,००० दिलेत, तर सौदा मोडल्यावर उरलेले ३०,००० मागायला तुमच्याकडे काहीच राहत नाही.

७. कागदाचं नाव काढलं तर राग येईल, अशी माणसं असतील तर

नात्यातलं, वाडीतलं माणूस असेल तर कागद पुढे करणं जड जातं. तेव्हा त्याच संध्याकाळी मेसेज करा: "काका, आज ठरल्याप्रमाणे टिलर रोटरी आणि लोखंडी चाकांसह ८५ हजाराला. ८ हजार विसार दिला. बाकी ५ जूनला नेताना. चिखलणीत ७ दिवस बघायचं ठरलंय. बरोबर ना?" समोरून "हो", "बरोबर", अंगठ्याची खूण, काहीही आलं की तोंडी सौद्याला लेखी आधार मिळाला. उत्तर नाही आलं तर एक फोन करा आणि पुन्हा मेसेज टाका: "फोनवर बोललो तसं नक्की."

इलेक्ट्रॉनिक पुरावा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली चालतो, पण कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसू नका, आणि वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नका.

८. नवीन यंत्र, डीलरकडून

इथे कायदा तुमच्या बाजूने बराच झुकतो, जर तुम्ही बोलणं नीट केलंत तर. मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला तुम्ही काम सांगितलंत आणि त्याच्या माहितीवर विसंबून वस्तू घेतलीत, तर ती त्या कामाला योग्य असणं ही अट आपोआप लागते. पण तुम्ही स्वतःच "मला अमुक कंपनीचं अमुक मॉडेल द्या" म्हटलंत, तर कामाला योग्य असण्याची ही अट लागत नाही. म्हणून मॉडेल मागू नका, काम सांगा: "चार-पाच गुंठ्यांची खाचरं, चढाची वाट, बांधावरून यंत्र उतरवावं लागतं, चिखलणी करायची आहे. कोणतं द्याल?" हे मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

"बिल नको असेल तर कमी करतो" या बोलण्याला बळी पडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिल टाळून वाचतं ते फारच थोडं. जातं ते वॉरंटी, अनुदान आणि पुढे विकताना मालकीचा पुरावा.

अनुदान घ्यायचं असेल तर क्रम मोडू नका: महाडीबीटीवर अर्ज, निवड, कोटेशन आणि यंत्राच्या तपासणी अहवालासह कागदपत्रं, मग पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर अनुदान गेलं, मग डीलरने शब्द दिलेला असो वा नसो. डीलरशी दर ठरवून ठेवायला हरकत नाही. त्याच्याकडून कोटेशन घ्या, बिल नको. पैसे स्वतःच्या बँक खात्यातूनच द्या. "अनुदान वजा करून द्या, बाकीचं मी बघतो" असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो, कारण अनुदान तपासणीनंतर थेट तुमच्या खात्यात येतं.

९. ट्रॅक्टर असेल तर हात मारून थांबू नका

ट्रॅक्टरचा तोंडी सौदाही वैध. पण आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तो मोटार वाहन कायद्याच्या नजरेत मालक. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात हेच सांगितलं: गाडी विकलेली असली तरी नोंदीत नाव बदललेलं नसेल तर अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते. म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाच जास्त असायला हवी. गावात उलटंच दिसतं.

करायचं ते असं. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० दोघांच्या सह्यांनी भरा, ताबा घेताना त्याच दिवशी. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५. मूळ मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ ने. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवायचं. तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा गाडीबरोबर जातो, पण स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा विमा नाव बदलल्याशिवाय कामाचा नाही. रायगडला पेण आणि पनवेल, मग रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशी कार्यालयं आहेत. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून सुरू होतो.

कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका, घेऊही नका. मधला दलाल तारखा आणि नावं त्याच्या सोयीने भरतो.

१०. जवळ ठेवायचे कागद

- मूळ बिल किंवा त्याची प्रत (ट्रॅक्टर व ट्रॉलीची वेगवेगळी आरसी, विमा)
- विकणाऱ्याच्या आधारची प्रत, तिच्यावर "फक्त टिलर विक्रीसाठी" असं लिहून घेतलेली सही
- कर्ज असल्यास बेबाकी / ना हरकत दाखला. शंका असल्यास सातबारा
- विसारपावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक
- एका पानाचा करार किंवा मेसेजचं संभाषण
- इंजिन आणि चासी नंबरचे फोटो, यंत्राचे चारही बाजूंचे फोटो, सामान टेम्पोत चढवतानाचा एक व्हिडिओ

११. सौदा फिसकटला तर

दोष निघाला की यंत्र वापरत राहू नका. मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे वाजवी वेळेत नाकारल्याचं न कळवता यंत्र ठेवून घेतलंत तर ते स्वीकारलं असं धरतात. त्याच दिवशी मेसेज, फोटो, फिटरचा लेखी अभिप्राय. लावणी अडली आणि भाड्याने टिलर आणावा लागला तर त्याचीही पावती ठेवा. विकणाऱ्याच्या चुकीमुळे सरळ झालेलं नुकसान करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येतं.

मग गावात चार माणसांसमोर बोलणी. नाही जमलं तर स्पीड पोस्टने नोटीस पाठवा आणि पोच मागून घ्या (जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे). नोटिशीत सौद्याची तारीख, यंत्राचे नंबर, दिलेली रक्कम, दोष आणि तुमची मागणी एवढंच लिहा. शिव्याशाप लिहिलेली नोटीस तुमच्याच विरुद्ध वाचली जाते.

डीलर किंवा जुन्या यंत्रांचा धंदा करणारा समोर असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तो ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार घेतो, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी यंत्र वापरणारा शेतकरी ग्राहकच धरला जातो. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. शेजाऱ्याकडून घेतलेल्या यंत्राला हा रस्ता नाही. तिथे तालुक्याचं दिवाणी न्यायालय, किंवा त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज, ज्याला कोर्ट फी लागत नाही. पोलिसांकडे गेलात तर "ही दिवाणी बाब आहे" हे उत्तर बहुधा मिळेल. मालक नसताना विकलं, एकच टिलर दोघांना विकला, नंबर खोडले असं काही असेल तर मात्र तो फसवणुकीचा गुन्हा आहे आणि तक्रार लेखीच द्या.

दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची. तोंडी सौद्यात ती निघून जाते, कारण दर शिमग्याला "देतो, देतो" ऐकण्यात वर्षं सरतात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. ती संपायच्या आत समोरच्याने सही करून देणं मान्य केलं, किंवा काही रक्कम देऊन तशी लेखी नोंद केली, तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून पाचशे रुपये आणून दिले तरी घ्या, आणि वहीत त्याच्याच हाताने तारीख घालून लिहून घ्या: "टिलरच्या बाकीपैकी."